सेवाग्राम आश्रम : मांडणी आणि बांधणी

सेवाग्राम आश्रम : वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, कपाशी-तुरीच्या काळ्या शिवारात विचारपूर्वक वसवलेली मातीच्या कुट्यांची वस्ती. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत गांधीजींचे मुख्य वास्तव्य इथे होते, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात तिला जागा आहेच. बांधकामाच्या अंगाने मात्र तिच्याकडे फार कमी जण पाहतात. सहलीला आलेली मुले काठी, चष्मा आणि चरखा बघून अर्ध्या तासात फाटकाबाहेर पडतात, आणि ज्या भिंतींना टेकून त्यांनी फोटो काढले त्या कशाच्या आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या कुडामातीच्या घराचा इतका नेटका विचार दुसरीकडे क्वचितच झाला असेल. त्यासाठी तरी ही जागा सावकाश पाहायला हवी.

१९३० मध्ये दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमती आश्रमात न परतण्याचा निश्चय केला होता. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि पुढे तिथल्या मगनवाडीत राहू लागले. पण त्यांना खेड्यातच राहायचे होते. शेगाव हे वर्ध्याजवळचे छोटे गाव, जमनालालजींच्या मालगुजारीतले, म्हणजे जमीनदारीतले. गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन तिथे आधीच राहायला गेल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी प्रथम तिथे पोचले आणि पावसाळ्याच्या तोंडावर कायमच्या मुक्कामाला आले. पुढे बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ होऊ लागला, टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

वस्ती बसवताना कागदावर आराखडा काढून कोणा वास्तुशिल्पीला बोलावलेले नव्हते. गांधीजींनी घातलेल्या अटी हाच आराखडा होता. घर गावातल्या माणसाला बांधता येईल असे हवे, सामान आसपासचे हवे, मजूर गावचे हवेत आणि खर्च इतका कमी हवा की शेजारचा शेतकरीही तसेच घर उभारू शकेल. केरळात आयुष्यभर स्वस्त आणि देखणी घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी हाच विचार मूळ धरून काम केले. आदर्श खेड्यातले घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे, हे गांधीजींचे म्हणणे ते वारंवार सांगत. सेवाग्रामात ते प्रत्यक्ष दिसते. माती, बांबू, लाकडाच्या बल्ल्या (खांब), कवेलू (कौले), शेण एवढ्यात सगळे भागले आहे. सामान मोजके असले की कारागिराला तपशिलात डोके घालावे लागते, आणि या कुट्यांचे देखणेपण तिथूनच आले आहे.

ते समजायला वर्ध्याचे हवामान ध्यानात घ्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जूनपासून पावसाचा मारा सुरू होतो आणि वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर मातीची भिंत थेट उभी करता येत नाही, म्हणून या भागात घराला जोते हवे आणि भिंतीला गावठाणातली पांढरी माती हवी. भिंत बहुधा कुडाची असते. आधी बल्ल्या रोवायच्या, त्यांच्यामध्ये बांबूच्या कमच्यांचे तट्टे बांधायचे आणि दोन्ही अंगांनी गवताचा भुसा व शेण कालवलेला चिखल थापायचा. छपराचा भार बल्ल्यांवर जातो, भिंतीला फक्त आडोसा करायचा असतो. त्यामुळे ती हलकी राहते, आणि एखादा भाग ढासळला तरी घर खाली येत नाही.

छपर हा या घरांचा खरा जीव. कुंभाराने थापलेले, अर्ध्या नळीसारखे कवेलू एकावर एक उपडे-उताणे रचलेले असतात. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि पाऊस मात्र पन्हळीतून खाली ओघळतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापून रात्री ती ऊब खोलीत सोडतो. कवेलू संध्याकाळ होताच निवतात. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून झोपणाऱ्या वैदर्भीय माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वळचण इतकी खाली आणली आहे की आत शिरताना उंच माणसाला मान झुकवावी लागते. त्यामुळे उन्हाची तिरीप आणि पावसाची झड दोन्ही भिंतीपर्यंत पोचत नाहीत. भोवतीच्या ओसरीने मुख्य खोलीला सावलीचा एक पदर मिळतो. एप्रिलच्या दुपारी अंगणातून ओसरीवर आणि ओसरीवरून आत असे दोन टप्प्यांत गेले, की प्रत्येक टप्प्यावर उष्मा उतरलेला कातडीला कळतो.

बापू कुटी हे या बांधणीचे सर्वांत पक्व रूप. मुळात ती मीराबेननी स्वतःसाठी बांधवून घेतली होती. गांधीजी पुढे तिथे राहायला आले, तेव्हा तिच्यात गरजेपुरती वाढ झाली. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाची चित्रे काढली आहेत, ताडाची झाडे आणि ॐ. वेगळा रंग नाही. भिंत आणि चित्र एकाच मातीचे, आणि उजेड तिरपा आला की ते उठून दिसते. आतली सगळी मापे जमिनीवर बसणाऱ्या माणसाची आहेत. चटई, पाठीला टेकण्याची जागा, समोर बुटके मेज, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी फळी. उभे राहून पाहणाऱ्याला खोली ठेंगणी वाटते. परवानगी असेल तिथे खाली बसून पाहिले तर ती एकदम प्रशस्त होते. इंग्रज अधिकाऱ्यांपासून गावच्या शेतमजुरापर्यंत जो येई तो त्याच चटईवर बसे, आणि बोलणे डोळ्याच्या एकाच पातळीवर होई. रचनेतून समता येते ती अशी.

याच कुटीत आजारी माणसाला ठेवण्यासाठी स्वतंत्र कोपरा आहे. ज्या माणसाकडे देशाचे राजकारण चालून येत होते, त्याच्या बैठकीला लागून रुग्णाची खाट असावी, हे नियोजन मुद्दाम केलेले आहे. न्हाणीघर आणि संडासही घरालाच जोडलेले आहेत. खेड्यात शौचाला शिवारात जाण्याचीच रीत होती, त्या काळात स्वच्छतेची सोय उंबऱ्याच्या आत आणणे ही मोठी गोष्ट होती. गांधीजी ही जागा इतर खोलीइतकीच स्वच्छ ठेवत आणि तिथे वाचनही करत.

बाकीच्या कुट्यांची जागा पाहिली की वस्तीचा विचार उलगडतो. आदि निवास सर्वांत आधीचा. गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, खान अब्दुल गफार खान असे सगळे एकाच छपराखाली राहत. १९३६ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा महिनाभराचा मुक्कामही इथलाच. एवढ्या गर्दीत बांना घटकाभर एकांत मिळेना. ते जमनालालजींच्या लक्षात आले आणि शेजारी बा कुटी उभी राहिली. लहानशी, साधी, पण स्वतःचे दार असलेली. आश्रमाच्या इतिहासात बांच्या वाट्याला ओळी कमी येतात; ही कुटी त्यांच्या गरजेची सरळ नोंद आहे. महादेव देसाईंची कुटी, किशोरलाल मश्रुवालांचा किशोर निवास या जागाही माणसे पाहून बांधलेल्या. परचुरे कुटी आवर्जून पाहावी. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेले असताना आश्रमात आले. कुष्ठरोग्याला गावकुसाबाहेर काढण्याच्या त्या काळात त्यांना वस्तीच्या आतच कुटी मिळाली, आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. आखरी निवास हे घर मूळ जमनालालजींसाठी होते. त्यांचे फेब्रुवारी १९४२ मध्ये निधन झाले. गांधीजी सेवाग्रामातल्या शेवटच्या काळात तिथे राहिले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये तिथून निघाले ते परत आलेच नाहीत.

बापूंचे दफ्तर ही त्या मानाने कोरडी वास्तू, पण तिथला टेलिफोन पाहण्यासारखा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी थेट बोलता यावे म्हणून तो बसवून घेतला. साप पकडून दूर सोडण्याचा पिंजरा आणि चिमटाही आश्रमात जपून ठेवला आहे. शिवारात घर बांधायचे तर सापाची सोय आधी बघावी लागते, हे विदर्भात कोणालाही पटेल.

कुट्यांइतकेच मोल मधल्या मोकळ्या जागेला आहे. प्रार्थनाभूमीला छपर नाही, भिंत नाही, व्यासपीठ नाही. उघड्या आभाळाखाली बारीक खडी पसरलेली आहे. पहाटे आणि सायंकाळी तिथे आजही सर्वधर्म प्रार्थना होते. आदि निवासाजवळचा पिंपळ गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला, आणि बकुळ कस्तुरबांची. घरे लहान ठेवून अंगण मोठे ठेवायचे, ही तर आपल्या गावाकडची जुनी रीत. इथे ती एका कुटुंबापुरती न राहता सगळ्या वस्तीला लावली आहे.

आश्रमाबाहेरही हा विचार पसरला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची शाळा आशादेवी व आर्यनायकम् यांनी सेवाग्रामात चालवली. हाताने काम करत शिकायचे, तर वर्गाची खोली, कताईची ओसरी आणि शेत जवळजवळ असावे लागते. शाळेच्या मांडणीत ते दिसते. डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलेल्या छोट्या दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या इमारती काँक्रीटच्या आहेत. दिवसाला शेकडो रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयाला मातीची भिंत पुरणार नाही, हे मान्यच करायला हवे. पण आश्रमाभोवतीच्या रस्त्यावर जी साधी दुकाने आणि घरे उठत आहेत, त्यांनी तरी कवेलूची आणि ओसरीची आठवण ठेवायला हवी होती.

मातीचे घर टिकवणे हे दरवर्षीचे काम आहे. पावसाळ्याआधी शाकारणी करून फुटके कवेलू बदलावे लागतात. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की हे काम वाढतेच. बल्ल्यांना वाळवी लागते. भिंतीची खालची वीतभर माती पावसाने झडते, ती पुन्हा लिंपावी लागते. जमीन ठरावीक दिवसांनी सारवावी लागते, आणि सारवणारे हात मुख्यतः गावच्या बायांचे असतात. आज दिसणारे प्रत्येक कवेलू १९३६ चे नाही आणि तसा हट्टही धरू नये. जतन करायचे आहे ते बांधण्याचे ज्ञान, आणि ते वर्षातून एकदा हाताखालून गेले तरच जिवंत राहते. अडचण सामानाची आहे. चाकावर कवेलू करणारे कुंभार आता गावोगाव उरलेले नाहीत, आणि पत्रा स्वस्त झाल्यापासून शेतकऱ्याची मागणीही आटली आहे.

पाहायला जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडला तर फिरणे सुखाचे होते. बांधणी समजून घ्यायची असेल, तर एप्रिलची दुपार किंवा जुलैतला पावसाचा दिवस जास्त शिकवतो. सेवाग्राम नावाचे रेल्वे स्थानक, म्हणजे पूर्वीचे वर्धा पूर्व, आश्रमाला लागून नाही. तिथून रिक्षा करावी लागते. आधी आदि निवास, मग बा कुटी, बापू कुटी आणि शेवटी आखरी निवास अशा क्रमाने गेले, की घरे कशी सुधारत गेली ते कळते. जोडीला वर्ध्यातले मगन संग्रहालय पाहावे, ते १९३८ मध्ये ग्रामोद्योगांसाठी उघडले. धाम नदीकाठचा पवनारचा विनोबांचा आश्रमही जवळच आहे.

जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामात एका परिषदेसाठी आले, बापू कुटीत बसले आणि आपल्या भाषणात त्यांनी कुटीवरच बोलणे पसंत केले. माणसाच्या गरजेपेक्षा मोठे घर त्याला दुबळे करते, अशा आशयाची त्यांची मांडणी पुढे जगभर वाचली गेली. त्याआधी दोन वर्षे, १९७६ मध्ये, देवेंद्र कुमार यांनी वर्ध्याजवळ ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापले होते. तिथे या बांधणीला पुढची पायरी मिळाली. कुंभाराच्या चाकावर घडवलेले निमुळत्या नळीसारखे कवेलू एकात एक गुंतवून त्यांची कमान करायची आणि अशा कमानी ओळीने लावून छपर पुरे करायचे. लाकूड महाग झालेल्या गावात बल्ल्या-वाशांशिवाय घर झाकता येते, आणि कुंभाराच्या चाकाला पुन्हा काम मिळते.