ला ग्राँद व्वाल

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) यांचे अमूर्त पोलादी शिल्प. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या विद्यापीठाच्या मॅकडर्मट कोर्ट नावाच्या प्रांगणात ते उभे आहे. उंची ४० फूट (सुमारे १२ मी.), वजन सुमारे ३३ टन. पोलादी पत्र्यांचे पाच आकार एकमेकांना छेदून ते रचले आहे. चार आकार सपाट आहेत आणि एक वळणदार. संपूर्ण शिल्पाला काळा रंग आहे. फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठे शीड’. विद्यार्थी त्याला ‘बिग सेल’ म्हणतात. ते १९६५ मध्ये घडवले गेले. प्रांगण आणि शिल्प या दोन्हींमागे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे एक संस्थापक यूजीन मॅकडर्मट यांचे अर्थसाहाय्य होते.

काल्डर यांचे वडील आणि आजोबा दोघेही शिल्पकार, पण त्यांनी स्वतः पदवी घेतली ती यंत्र-अभियांत्रिकीची, १९१९ मध्ये, न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून. हे शिक्षण त्यांच्या कामात अखेरपर्यंत दिसत राहते. तारांवर तोललेल्या त्यांच्या हलत्या शिल्पांना फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशां यांनी १९३१ मध्ये ‘मोबाइल’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी शिल्पकार जाँ आर्प यांनी न हलणाऱ्या शिल्पांना ‘स्टेबाइल’ म्हटले. ला ग्राँद व्वाल हे स्टेबाइल आहे. १९५५ मध्ये काल्डर तिथल्या साराभाई उद्योगघराण्यातील गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आले होते आणि तिथे राहून त्यांनी काही शिल्पे केली. ती मात्र हाताने वाकवता येईल अशा तारेची आणि पातळ पत्र्याची होती. तीस-तीस टनांचे काम कारखान्याशिवाय होत नाही. फ्रान्समध्ये साशे या गावी काल्डर यांचे घर होते आणि जवळच्याच तूर शहरात बिएमाँ हा लोखंडकामाचा कारखाना होता. १९६० च्या दशकापासूनची त्यांची बहुतेक मोठी स्टेबाइल तिथे बनली, हेही तिथलेच.

कामाची रीत ठरलेली होती. आधी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून हातात मावेल असा नमुना करायचा. तो तीन ठिकाणी टेकून उभा राहिला आणि फुंकर मारून पडला नाही, की मधल्या मापाचा नमुना, बहुधा पूर्ण मापाच्या एक-पंचमांश. खरे अडथळे या टप्प्यावर कळतात. माप पाच पट वाढले की पत्र्याचे क्षेत्रफळ पंचवीस पट होते. जाडीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजन सव्वाशे पट होते. जाडी तितकी वाढवली नाही, तर उभा पत्रा स्वतःच्या भाराने फुगतो आणि वाऱ्यात थरथरतो. म्हणून पत्र्याला काटकोनात उभ्या पट्ट्या, म्हणजे रिब, जोडतात आणि दोन पत्रे मिळतात त्या कोनात आधाराचे त्रिकोणी तुकडे, म्हणजे गसेट, बसवतात. ही हाडे काल्डर झाकत नाहीत. रिब कुठून कुठवर धावणार, बोल्टची रांग कशी जाणार, हे ते पाहून ठरवत, आणि त्या रेषा शिल्पाच्या रेखाटनाचाच भाग होतात. पूर्ण मापाचे भाग कारखान्यात एकदा जोडून पाहत, मग सुटे करून जहाजाने पाठवत आणि जागेवर पुन्हा बोल्टने कसत.

हे शिल्प एका जागी उभे राहून कळत नाही. समोरून दिसणारा रुंद काळा पत्रा दहा पावले बाजूला सरकताच कडेपुरता उरतो आणि त्याच्यामागचा वळणदार भाग पुढे येतो. पायांमधून आत गेले, तर डोक्यावर कमानी होतात आणि फटींतून आजूबाजूच्या इमारतींचे तुकडे दिसतात. एकाच छायाचित्रावरून त्याच्याविषयी मत बनवणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

त्याच्याबद्दलची सर्वांत पसरलेली आख्यायिका वाऱ्याची आहे. शेजारची ग्रीन बिल्डिंग ही आय. एम. पेई यांची २१ मजल्यांची, सुमारे ९० मी. उंच इमारत १९६४ मध्ये पूर्ण झाली. तिचा तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला आहे. जोराचा वारा सुटला की तिथली दारे उघडेनात. तो वारा अडवण्यासाठी काल्डर यांच्याकडून शीड करून घेतले, असे सांगतात. ते खरे नाही. उभारणीपूर्वी शिल्पाच्या नमुन्याची एमआयटीच्या वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडायच्या बोगद्यात, चाचणी झाली होती, पण ती शिल्प वाऱ्यात टिकेल का, हे पाहण्यासाठी. तसेही ते वारा अडवू शकत नाही. इमारतीच्या रुंद बाजूवर वारा आदळतो तेव्हा पुढे दाब वाढतो, मागे कमी होतो आणि हवा मधल्या मोकळ्या जागेतून वेगाने घुसते. हा दाबाचा फरक ९० मीटर उंच भिंत निर्माण करते. तिच्यापासून काही अंतरावर असलेल्या, फटींनी भरलेल्या १२ मीटरच्या शिल्पाने त्यात काहीच बदलत नाही. उपाय झाला तो फिरत्या दारांनी: त्यांत आसाच्या दोन्ही बाजूंवर दाब सारखाच पडतो, त्यामुळे ढकलताना वाऱ्याशी झुंजावे लागत नाही.

अशा रंगवलेल्या पोलादी शिल्पांची देखभाल म्हणजे मुख्यतः रंगाची देखभाल. इथे रंग हा नुसता संरक्षक लेप नसतो. बिनचमकीचा काळा हा कलाकृतीचाच भाग असतो. चकचकीत रंग लावला, तर पत्र्यावर आकाश आणि इमारती उमटतात आणि आकाराची कड फुटते. पण बिनचमकीचा रंगच नाजूक असतो. त्याचा पृष्ठभाग खरखरीत, त्यामुळे धूळ धरतो. उन्हाने त्यावर पांढुरकी भुकटी येते. आणि लोक जिथे हात लावतात, टेकतात किंवा बुटांनी चढतात, तिथे तो घासून चमकू लागतो.

गंज सुरू होतो तो दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यांत आणि बोल्टच्या वॉशरखाली. तिथे शिरलेले पाणी वाळत नाही. गंजाचे आकारमान मूळ पोलादापेक्षा कितीतरी पट असते, त्यामुळे सांधा आतून फुगतो, पत्रे फाकतात आणि बोल्टही तुटू शकतो. दुसरी कमजोर जागा पायांशी: बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ आणि बर्फ ओढणारी फावडी. शिवाय हिवाळा आणि उन्हाळा यांत काळ्या पत्र्याच्या तापमानात ५० अंश सेल्सिअसचा फरक धरला, तर १२ मीटर पोलादाची लांबी सुमारे ७ मि.मी. बदलते, सांध्यात भरलेला ताठर मसाला (पुट्टी) त्याने चिरतो. म्हणून पाहणी बर्फ वितळल्यावर लगेच करावी आणि पायांशी पाणी साचू देऊ नये.

पूर्ण रंगकाम करताना आधी जुन्या थरांत शिसे आहे का, हे तपासतात. १९६० च्या दशकातील रंगांत ते सर्रास असे. मग गंजलेले सांधे उघडून पोलाद ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक कणांच्या जोरदार माऱ्याने, उघडे करतात आणि त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, देतात. सांध्याच्या आतल्या बाजूंना प्रायमर न लावता बोल्ट कसणे ही नेहमीची चूक आहे. काही हिवाळ्यांत गंज तिथूनच परत येतो. प्रायमरवर इपॉक्सी या टणक रंगाचा थर आणि शेवटी बिनचमकीचा पॉलियुरेथेन रंग. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. नाहीतर रंगाखाली ओल अडकते आणि पुढे पापुद्रे सुटतात. ओरखड्यापुरता ब्रश फिरवणेही टाळावे, कारण बिनचमकीच्या काळ्यावर ठिगळ लांबूनही दिसते. पत्र्याची कड किंवा रिबची रेघ जिथे येते, तिथपर्यंतचा पूर्ण भाग फवाऱ्याने रंगवला, तर जोड लपतो.