डीबीई सर्टिफिकेट काढायचंय? अर्जाआधी हे वाचा

न्यू जर्सीत आपल्या मराठी लोकांच्या छोट्या इंजिनिअरिंग फर्म आहेत, सर्व्हे कंपन्या आहेत, कुणाचे दोन-चार डंप ट्रक आहेत, आणि रस्ते, पूल, रेल्वे, एअरपोर्टच्या कामात सबकॉन्ट्रॅक्ट मिळावं म्हणून ते आमच्याकडे डीबीईचं विचारायला येतात. डीबीई म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज्ड बिझनेस एंटरप्राइज. ज्यांच्या वाटेत अडथळे आले अशा मालकांच्या छोट्या धंद्यांना फेडरल पैशाच्या वाहतूक कामात शिरता यावं म्हणून 1983 पासून ही योजना चालू आहे.

पण जुन्या मित्राने सांगितलेलं ऐकून अर्ज भरू नका, कारण 3 ऑक्टोबर 2025 पासून नियम मुळातच बदललाय. आधी भारतीय वंशाचा मालक म्हटला की तो वंचित आहे असं धरूनच चालायचे, महिलांनाही 1987 पासून तसंच होतं. आता ते गेलं. आता प्रत्येकाने आपलं स्वतःचं सिद्ध करायचं, आणि ज्यांच्याकडे आधीपासून सर्टिफिकेट आहे त्यांनाही परत. शिवाय राज्याची ही फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या कॉन्ट्रॅक्टवर डीबीईचं टार्गेट (म्हणजे कामाचा इतका वाटा डीबीई फर्मना द्यायचा, असं उद्दिष्ट) लावता येत नाही, म्हणजे सर्टिफिकेट आलं की काम आपोआप येईल हे डोक्यातून काढा, प्राइम, म्हणजे मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडे तुम्हालाच जावं लागणार.

अर्जातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे पर्सनल नॅरेटिव्ह, म्हणजे आपल्या वाटेत आलेल्या अडथळ्यांची लेखी हकीकत, आणि इथेच आपले लोक अडतात. समोर बसल्यावर म्हणतात, "आम्हाला कसला त्रास, देवाच्या दयेने चांगलं चाललंय." मग अर्ध्या तासाने चहा पिता पिता निघतं की लोन दोनदा नाकारलं म्हणून क्रेडिट कार्डावर ट्रक घेतला, बॉन्ड (काम पुरं करण्याची हमी) मिळाला नाही म्हणून मोठं काम सोडून द्यावं लागलं. अहो, हेच तर लिहायचंय! कधी झालं, कुठे झालं, त्याने किती डॉलरचं नुकसान झालं आणि तुमच्यासारखाच धंदा करणाऱ्या दुसऱ्याला ते का सोसावं लागलं नाही, असं सगळं खुलासेवार हवं, जोडीला बँकेचं नकाराचं पत्र, ईमेल, जे असेल ते. नुसतं मी भारतीय आहे किंवा मी बाई आहे एवढ्यावर भागत नाही, वंश किंवा लिंग बघून निर्णय घ्यायला अधिकाऱ्यांना आता मनाईच आहे. सोबत तुमच्या स्वतःच्या मालमत्तेचा आणि कर्जाचा ताजा हिशोबही जोडावा लागतो.

दुसरी गोष्ट 51 टक्क्यांची. वंचित असल्याचं सिद्ध केलेल्या मालकाची किमान 51 टक्के मालकी लागते आणि कंट्रोलही त्याचाच लागतो. घरातल्या कुणाच्या तरी नावावर शेअर टाकायचे आणि धंदा दुसऱ्याने चालवायचा असं कृपया करू नका. अधिकारी ऑफिसात येऊन मुलाखत घेतात, बिड कोण ठरवतं, चेकवर सही कोणाची, कामातलं मालकाला कळतं का, हे सगळं विचारतात, आणि खोटी माहिती दिली तर तो फेडरल गुन्हा आहे. मालक सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, एच-वन-बीवर असाल तर अर्ज करता येत नाही.

ट्रकवाल्यांसाठी एक खास सूचना, सगळे ट्रक भाड्याचे चालत नाहीत, निदान एक तरी स्वतःच्या मालकीचा, लायसन्स आणि इन्शुरन्स असलेला ट्रक त्या कामावर चालला पाहिजे.

सर्टिफिकेट आम्ही देत नाही हेही स्पष्ट सांगतो, ते राज्याचं वाहतूक खातं, एनजे ट्रान्झिट किंवा पोर्ट ऑथॉरिटी देते, आणि तिघांपैकी एकाचं मिळालं की राज्यात बाकीच्यांकडेही तेच चालतं. आम्ही कागद लावून देतो, मुलाखतीची तयारी करून घेतो. नॅरेटिव्ह मात्र रचून देत नाही. तुम्ही मराठीत बोला, आम्ही इंग्रजीत उतरवतो, मग तुम्हाला परत वाचून दाखवतो, आणि एखादं जरी वाक्य तुमचं वाटलं नाही तर ते खोडूनच सही करा. पहिल्या भेटीला टॅक्स रिटर्न, कंपनीचे कागद आणि जुनी नकाराची पत्रं घेऊन या, फाटलेली असली तरी चालतील.