नस कुठे आहे आणि दात कुठे हवा

खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक बोगदा जातो. त्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवते. पडलेल्या दाढेच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवताना ड्रिल या बोगद्यात शिरलं तर ओठ महिनोन्महिने, कधी कायमचा बधिर राहतो. म्हणून इम्प्लांटचं टोक नसेपासून निदान २ मिलिमीटर दूर ठेवायचा दंडक आहे. नंतर दुरुस्तीही सोपी नसते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, ते हाड या धातूला घट्ट धरून ठेवतं या गुणावरच. एकदा हाडाने धरलेला स्क्रू तार लावून दातासारखा सरकवता येत नाही.

त्यामुळे सगळी भिस्त आधीच्या आखणीवर. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनच्या एकेका कापावर दंतवैद्य नसेची खूण करत जातो. हे किचकट काम कृत्रिम बुद्धिमत्ता पाहता पाहता उरकते, आणि तोच स्कॅन पुन्हा दिला तर सहसा तीच रेघ आखते. माणसाची सकाळची आणि संध्याकाळची रेघ थोडी वेगळी येते. मला वेगापेक्षा हा सारखेपणा मोलाचा वाटतो.

मात्र 'एआय दंतवैद्याइतकं अचूक' हे वाचताना मोजपट्टी कोणती, ते जरूर पाहावं. अशा चाचण्यांत बहुतेक वेळा अनुभवी दंतवैद्यांनी आखलेली रेघच बरोबर धरलेली असते. जिवंत माणसाचं हाड उघडून कोण पाहणार? शिवाय निकाल सरासरीत सांगतात. बोगद्याच्या भिंती पुसट असतील, शेजारच्या धातूच्या कॅपमुळे प्रतिमेवर पट्टे उठले असतील, तर नेमकी तिथेच चूक वाढते, आणि ड्रिल तिथेच जाणार असेल तर सरासरीचा उपयोग नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आखणी हाडापासून सुरू होत नाही, दातापासून होते. नवा दात समोरच्या दातावर कसा टेकेल, हे आधी ठरतं. मग त्याखाली स्क्रू कुठे आणि किती तिरका, ते. रुग्ण रात्री दात खातो का, सिगारेट ओढतो का, साखर आटोक्यात आहे का, हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू आहेत का, यातलं काहीही नसेच्या रेघेत दिसत नाही. ते विचारावं लागतं.

रेघ यंत्राने आखावी, हे मला मान्य आहे. ड्रिलची जागा जिथे येते तिथला प्रत्येक काप मात्र दंतवैद्याने स्वतः पाहावा, आणि रुग्णानेही "ही रेघ कोणी तपासली?" असं विचारायला संकोचू नये.