पार्श्वभूमी : चंद्रानंतरचं पाऊल कुठे अडलं?

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला कुंभमेळा भरतो. २०१५ नंतरचा पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून हे बारा वर्षांचं आवर्तन. ग्रहांच्या हिशेबावर चालणाऱ्या या शहरात मुलांनी विचारावंच असा एक प्रश्न आहे : चंद्रावर बारा माणसं चालून आली, मग ग्रहांवर कोणीच कसं गेलं नाही?

गुरूचं उत्तर सोपं. तिथे पाय टेकायला जमीनच नाही. शनी, युरेनस, नेपच्यूनचंही तेच. शुक्राला जमीन आहे, पण तिथलं तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवेचा दाब आपल्या नव्वदपट. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं तगलं. बुध सूर्याला इतका लगटून आहे की तिथे वेग कमी करून उतरण्यातच अफाट इंधन जातं. उरतो मंगळ.

मंगळावर जायचा बेत मात्र आखून तयार होता. ऑगस्ट १९६९ मध्ये, अपोलो ११ परतून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा चांद्रमोहिमांच्या रॉकेटचे शिल्पकार वर्नर फॉन ब्राउन यांनी अमेरिकी सरकारपुढे आराखडा ठेवला : नोव्हेंबर १९८१ मध्ये निघायचं, १९८२ मध्ये मंगळावर उतरायचं. त्यासाठी लागणाऱ्या अणुइंजिनाच्या चाचण्या नेवाडाच्या वाळवंटात सुरूही होत्या. पण रशियाला मागे टाकून झालं होतं, व्हिएतनामचं युद्ध पैसा खात होतं. १९६६ मध्ये नासाला अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला ४.४ टक्के वाटा मिळाला होता, तो झपाट्यानं घसरला. जानेवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पृथ्वीभोवतीच फिरणाऱ्या स्पेस शटलला मंजुरी दिली, डिसेंबरमध्ये चंद्रावरची शेवटची मोहीम झाली आणि जानेवारी १९७३ मध्ये अणुइंजिनाचं काम गुंडाळलं गेलं. माझ्या मते मंगळाची वाट खरी अडली ती या वर्षभरात.

अर्थात पैसा मिळता तरी १९८२ साधलं असतं, असं मला वाटत नाही. फॉन ब्राउन यांच्या १९५० च्या दशकातल्या आराखड्यात पंख असलेली यानं मंगळाच्या हवेवर तरंगत उतरणार होती. १९६५ मध्ये नासाचं मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि कळलं की तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्काही नाही. नाशिकजवळच्या ओझरला सुखोई विमानं बांधणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. हवा नसेल तर पंख काय उचलणार? पॅराशूटही पुरत नाही. २०२१ मध्ये उतरलेली पर्सिव्हिअरन्स ही तिथली सर्वांत जड गाडी, वजन साधारण एक टन. माणसांसाठी एका वेळी वीसेक टन उतरवावे लागतील, आणि ते अजून कोणी करून पाहिलेलं नाही.

शिवाय अंतर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, तीन दिवसांची वाट. मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर. जायलाच सहा ते नऊ महिने. निघायची संधी दर २६ महिन्यांनी येते, त्यामुळे जाऊन-येऊन अडीच-तीन वर्षं. सलग अंतराळवासाचा विक्रम व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा, ४३७ दिवसांचा, तोही पृथ्वीच्या कुशीत, जिथून अडचण आली तर काही तासांत परतता येतं.

इथे मला सिंहस्थच आठवतो. त्याची तारीख सरकार बदललं म्हणून हलत नाही; आलेल्याला आधीच्यानं सुरू केलेली कामं पुरी करावीच लागतात. मंगळाच्या वाट्याला ही शिस्त आली नाही. थोरल्या बुश यांनी १९८९ मध्ये घोषणा केली, ती खर्चाचा आकडा पाहूनच विरली. धाकट्या बुश यांची २००४ ची योजना २०१० मध्ये ओबामा सरकारनं थांबवली. दरवेळी नवं रॉकेट, नवा आराखडा.

या काळात यंत्रं मात्र पुढे गेली. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. परतीचं इंधन जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची तयारीही आता तिथल्याच हवेतून सुरू झाली आहे : पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या उपकरणानं २०२३ पर्यंत मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. चार जणांना तिथून वर उचलायला सुमारे २५ टन प्राणवायू लागेल.