हिपॅटायटिस सीच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये जायचंय? आधी हे वाचा

ट्रायल म्हणजे नव्या औषधाची पेशंटवर घेतलेली चाचणी. पण हिपॅटायटिस सीवर, म्हणजे सी प्रकारच्या काविळीवर, सरकारी औषध फुकट मिळतं, हे आधी लक्षात घ्या. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या साधारण 12 आठवडे देतात आणि बहुतेक पेशंट बरे होतात. त्यामुळे ‘हे सोडून मी नवं औषध का घेऊ?’ हे डॉक्टरांना सरळ विचारा. गोळ्यांचा कोर्स करूनही विषाणू परत आला असेल, तर गोष्ट वेगळी.

ट्रायलसाठी सरकारी फॉर्म वगैरे नसतो. देशातली प्रत्येक ट्रायल पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवावी लागते. ती ऑनलाइन कुणालाही बघता येते. हॉस्पिटल, डॉक्टरांचा फोन, भरती चालू की बंद आणि पात्रतेच्या अटी, सगळं तिथे सापडतं. फोन करून थेट ओपीडीत जायचं.

सोबत आधार कार्ड, जुने केसपेपर आणि एचसीव्ही आरएनए, म्हणजे व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे त्याचा) रिपोर्ट न्या. नुसता अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह रिपोर्ट पुरत नाही, कारण माणूस बरा झाल्यावरही तो पॉझिटिव्हच येतो. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. फिटवरची कार्बामाझेपिन किंवा टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर बऱ्याचदा घेत नाहीत. गरोदर बायका, हिपॅटायटिस बी असलेले, पोटात पाणी झालेले यांनाही सहसा नाही म्हणतात. पण अटी ट्रायलगणिक बदलतात.

आता संमतीपत्र. ट्रायलसाठीच्या तपासण्यांचं रक्त काढण्याआधी त्यावर सही व्हायला हवी, नंतर नव्हे. मराठी प्रत मागा. तीत ‘यादृच्छिक’ असा शब्द दिसला तर घाबरू नका. कुणाला कोणतं औषध ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, एवढाच अर्थ. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. संमतीपत्रावर वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात, तिथे बरेच जण दचकतात. वारस विचारतात तो ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कुणाला द्यायची यासाठी. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत या भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, त्यात उत्पन्न धरत नाहीत. ट्रायलदरम्यान इजा झाली तर उपचारही मोफत.

सही केलेली एक प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. तीत एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन असतो. मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं. पूर्ण केलीत तर शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी होणारी रक्ततपासणी चुकवू नका. विषाणू गेला की नाही ते तिच्यावरच ठरतं.