विल्यमचा गियोम कसा झाला?

मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणाऱ्या विल्यम टेलची गोष्ट पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असते. स्वित्झर्लंडमधली ही दंतकथा. हा वीर झुरिककरांचा विल्हेल्म टेल, तर जिनिव्हात फ्रेंच बोलणाऱ्यांचा गियोम टेल. ‘फ्रेंचांनी केलेला अपभ्रंश’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो, आणि खरी गंमत तिथेच निसटते.

विल्हेल्म हे जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातलं नाव. ‘विल’ म्हणजे इच्छा, ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. पाचव्या शतकात फ्रँक या जर्मानिक टोळ्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, राज्य करू लागल्या आणि त्यांची नावं तिथल्या लॅटिनभाषकांच्या तोंडी आली. फ्रँकांचा ‘व’ ओठ गोल करून काढलेला. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला तसा उच्चार तोवर उरलाच नव्हता. ‘ग्व’ मात्र ओळखीचा होता. जिभेला ते ‘लिंग्वा’ म्हणत. आता स्वतः करून पाहा. ओठांचा चंबू करून ‘उई’ म्हणा. जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. तो जरा आणखी वर जाऊन टाळूला टेकला की ‘ग्वी’ ऐकू येतं! पुढे फ्रेंचमध्ये यातला ‘व’ गळाला आणि ‘गी’ राहिला. वाल्टरचा गोत्ये झाला तो याच वाटेनं. ध्वनी बदलतो तेव्हा असा ओळीनं बदलतो, म्हणून त्याचा नियम मांडता येतो.

नावांच्या याद्यांत गियोमपुढे ‘दृढनिश्चयी रक्षक’ असा अर्थ देऊन बाळाचा स्वभावही सांगितलेला असतो. त्याला काडीचा आधार नाही. ही नावं अनेकदा घराण्यातल्या नावांचे तुकडे जोडून बनत, जोडलेल्याचा अर्थ लागो न लागो. फ्रँक राजा क्लोव्हिसच्या वडिलांचं नाव शिल्देरिक आणि मुलाचं शिल्देबेर. आपल्याकडे नातवाला आजोबांचं अख्खं नाव देतात, तिथे पहिला तुकडा दिला.

उत्तरेला नॉर्मंडी आणि पिकार्डीच्या बोलींत मात्र ‘व’ टिकला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, तेव्हा तो ‘व’ समुद्रापलीकडे गेला. म्हणून इंग्रजीत नॉर्मन बोलीतली ‘वॉरंटी’ही आहे आणि पॅरिसकडच्या फ्रेंचमधली ‘गॅरंटी’ही. फ्रिज घेताना दुकानात आपण ज्यांतला फरक विचारतो, ते मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. वॉर्डन आणि गार्डियन ही तशीच जोडी. आणि इंग्लंड जिंकणारा तो विल्यम? फ्रेंच इतिहासात तो आजही गियोमच आहे.