भोक पाडण्याआधी खुर्चीवर बसा
स्प्रिंग-आर्मचा दिवा भिंतीवर बसवण्याबद्दल ग्राहकांसाठी माहिती

"दिवा डोळ्यांवर येतो, बदलून द्या" अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. जाऊन पाहिलं तर दिवा उत्तम असतो, भोक चुकलेलं असतं. बहुतेक वेळा ते फार वर पाडलेलं असतं, कारण भिंतीवरचा दिवा म्हटलं की हात आपोआप ट्यूबलाइटच्या किंवा फोटोफ्रेमच्या उंचीला जातो.

या दिव्याचा खालचा हात ब्रॅकेटपासून वर उभा राहतो आणि वरचा हात पुढे झुकतो. दोन्ही हात ४० सेंमीचे आहेत. म्हणून ब्रॅकेट टेबलाच्या पृष्ठभागापासून फक्त २० सेंमी वर हवं. टेबल नेहमीच्या ७५ सेंमी उंचीचं असेल, तर जमिनीपासून ९५ सेंमी. हे ऐकून बरेच जण म्हणतात, "एवढं खाली?" होय, एवढंच. मग शेडची कड कागदापासून साधारण ४० सेंमीवर येते. ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या किंचित खाली राहते आणि बल्ब दिसत नाही. ब्रॅकेट टेबलापासून ६० सेंमीवर लावलं, तर शेड खाली आणण्यासाठी खालचा हात आडवा करावा लागतो. त्या कोनात स्प्रिंगचा तोल नीट राहत नाही आणि शेड टेबलाच्या पुढच्या कडेशी, म्हणजे कपाळासमोर येते. शेड वरच ठेवावी म्हणाल, तर अंतर ४० चं ८० सेंमी झालं की कागदावरचा उजेड जवळजवळ चौथाईवर उतरतो. मग मोठा बल्ब लावला जातो आणि डोळ्यांना आणखी त्रास होतो.

आता बाजू. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने ब्रॅकेट खुर्चीच्या मध्यापासून ३५-४० सेंमी डावीकडे घ्यावं, डावखुऱ्याने उजवीकडे. नाहीतर हाताची सावली नेमकी लिहित्या ओळीवर पडते. संगणक असेल तर शेडचं तोंड पडद्याकडे नको, टेबलाकडे हवं.

टेबल आणि खुर्ची जागेवर नसेल तर आमचा कारागीर ड्रिल बाहेर काढत नाही. "खूण करून ठेवलीय, भोक पाडा, टेबल उद्या येणार आहे" असं सांगणाऱ्यांना याचा राग येतो, ठाऊक आहे. पण चुकलेलं भोक पुट्टीने बुजवलं तरी रंगाचा डाग राहतो, आणि नवं भोक जुन्यापासून किमान ५ सेंमी लांब घ्यावं लागतं, नाहीतर गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) धरत नाही. टेबल नसल्यामुळे परत यावं लागलं, तर त्या फेरीचे पैसे वेगळे लागतात.

घाई नसेल तर एक सोपा मार्ग आहे. आमच्या ब्रॅकेटला आणि टेबलाच्या क्लॅम्पला एकच दांडी बसते. आठवडाभरासाठी क्लॅम्प आम्ही विनामूल्य देतो. रात्री दोन-तीनदा टेबलाशी बसून पाहा, जागा ठरली की भिंतीवर पेन्सिलने खूण करा. भाड्याच्या घरात तर क्लॅम्पच ठेवा. फक्त पार्टिकल बोर्डाच्या टेबलाला क्लॅम्पच्या जबड्याखाली ६ मिमी प्लायचा तळहाताएवढा तुकडा द्या, नाहीतर कड चुरते. टेबलावर काच असेल तर काचेवर क्लॅम्प आवळू नका.

स्वतः भोक पाडणार असाल तर आधी एमसीबी बंद करा आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या सर्किटवरून घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा त्याच रेषेत आडवं भोक नको, भिंतीतल्या वायरी तिथूनच जातात. ८ मिमीचं बिट, ५० मिमीची गिट्टी आणि ५ मिमी जाड, ६० मिमी लांब स्क्रू पुरतात. प्लास्टर १२-१५ मिमीचं असतं, त्यात काही धरत नाही. पकड त्यामागच्या विटेत हवी. भुकटीकडे लक्ष ठेवा. लाल आली तर वीट. पांढुरकी, हलकी आली तर ब्लॉकची भिंत, तिथे हॅमर बंद करून नुसतं ड्रिल फिरवा. जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या बोर्डात स्क्रू मारू नका, आतली आधाराची पट्टी सापडली तरच लावा.

वायर सांध्यापाशी ताणून बांधू नका, प्रत्येक सांध्याला बोटभर ढील ठेवा. दिवा धातूचा आहे, तिसरी पिन अर्थिंगची आहे. ती कापून दोन पिनच्या सॉकेटमध्ये घालणाऱ्यांचा दिवा आम्ही दुरुस्तीला घेत नाही.

शेवटचं, दिव्याचा हात आपोआप खाली येत असेल तर सांध्यांवरच्या मुठी (फिरवून आवळायच्या) आवळत बसू नका. या रचनेत हात धरून ठेवण्याचं काम स्प्रिंग करते, मूठ नाही. ही स्प्रिंगच्या तोलाची कल्पना मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डीन या इंग्रज इंजिनीअरची, १९३२ सालची. मूठ जास्त आवळली की आटे जातात आणि दोष मात्र दिव्याला लागतो. आधी बल्ब बघा. आमची स्प्रिंग ९ वॉटच्या साध्या एलईडीसाठी लावलेली असते. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा बल्ब जड आणि लांब असतो, हात खाली झुकतो आणि बल्ब शेडबाहेरही डोकावतो. तोच हवा असेल तर जाड तारेच्या स्प्रिंगची जोडी दुकानात मिळते. येताना बल्ब सोबत आणा, तोल तिथेच लावून देतो.